रास्कोल्निकोव्ह वाचताना

दोस्तोयेव्स्कीची कादंबरी ‘गुन्हा आणि शिक्षा’ (1866) पहिल्यांदा वाचताय ना? मग खुनाच्या उत्कंठेत अडकू नका; सहापैकी पहिल्याच भागात तो होऊन जातो. खरी झुंज खून करणाऱ्या नायकाच्या, रास्कोल्निकोव्हच्या आत आहे. रशियनमध्ये ‘रास्कोल’ म्हणजे फूट. जिथे जिथे तो एक गोष्ट करून लगेच तिच्या उलट वागतो, तिथे पेन्सिलीने खूण करा. पहिल्या भागाचं चौथं प्रकरण दोनदा वाचाच: नशेतल्या मुलीला घरी पोचवायला तो पोलिसाला 20 कोपेक (रशियन नाणी) देतो आणि पुढच्याच क्षणी तिला वाऱ्यावर सोडायला सांगतो. दोन्ही भावना खऱ्याच.

नवखे वाचक तिसऱ्या भागातला ‘असामान्य माणसां’चा सिद्धांत (अशांना गुन्हा करायचाही हक्क असतो, हा) हेच खुनाचं पूर्ण कारण धरतात. पण खुनानंतर चोरलेली पैशांची थैली तो उघडूनही न बघता दगडाखाली दडवतो; म्हणजे कारण तेवढंच नाही. दुसऱ्या भागातल्या त्या पानावर थांबा, घाई नको.