ओकोनोमियाकी: तळलेली नव्हे, भाजलेली!

प्रश्न असा आहे: ‘ओकोनोमियाकीला मराठीत जपानी पिझ्झा म्हणावं का? आणि ती ओकोनोमियाकी की ते?’

ओकोनोमियाकी म्हणजे पीठ आणि कोबी घालून तव्यावर केलेला जपानी पदार्थ. त्याला पिझ्झा मुळीच नको. तव्यावर गोल काही दिसलं की त्याला पिझ्झा म्हणायची खोडच लागली आहे. बिचारा उत्तप्पाही त्यातून सुटला नाही. ‘ओ’ हा आदराचा उपसर्ग, ‘कोनोमी’ म्हणजे आवड. एवढं कुठेही सापडतं. खरी गंमत आहे ‘याकी’त.

इंग्रजीत तिला ‘फ्राइड’ म्हणतात, म्हणून आपल्याकडे बेधडक ‘तळलेली’ लिहितात. साफ चूक! तळण्याला जपानीत ‘आगेरु’ हे वेगळं क्रियापद आहे. ‘याकी’ आलं ‘याकु’वरून, आणि याकु म्हणजे आपलं भाजणं. तव्याला तेल लागतं हे खरं, पण ते थालीपिठालाही लागतं. म्हणून थालीपीठ तळतो का आपण? भाजलेलं रताळं ते याकीइमो. आणि भट्टीत भाजलेली भांडीसुद्धा याकीच: आरिता गावची आरितायाकी, बिझेनची बिझेनयाकी. इंग्रजीला रताळं, पाव आणि मडकं यांसाठी रोस्ट, बेक, फायर अशी तीन क्रियापदं लागतात. आपण वांगं भाजतो, भाकरी भाजतो, वीट भाजतो, मडकंही भाजतो. चुलीपासून कुंभाराच्या आव्यापर्यंत एकच धातू, अगदी जपानीसारखा. शिवाय ‘याकीमोची’ म्हणजे भाजलेली मोची (तांदळाचा चिकट गोळा), आणि मत्सरही! दुसऱ्याचं बरं झालं की आपण जळतो, जपानी माणूस मोची भाजतो.

हिरोशिमा पद्धतीच्या ओकोनोमियाकीसाठी वापरतात तो ‘हिरोशिमायाकी’ हा शब्द मात्र हिरोशिमाच्या माणसासमोर जपून वापरा. त्याच्या लेखी त्याची तीच ओकोनोमियाकी, विशेषण लागलंच तर ओसाकावाल्यांनी लावावं. गावाच्या नावापुढे याकी आलं की भांडंच आठवतं, हेही त्या नाराजीत असावं. हा माझा आपला तर्क. ओसाकात कोबी पिठातच कालवतात. हिरोशिमात आधी पातळ धिरडं, त्यावर कोबीचा ढीग, डुकराच्या मांसाच्या चकत्या, नूडल्स, अंडं असे थर चढतात. तोक्योची मोंजायाकी याहून सैल, जवळजवळ पिठल्यासारखी. ते नाव ‘मोजी’वरून, म्हणजे अक्षरावरून आलं असं सांगतात: पोरं तव्यावर पिठाने अक्षरं काढत. पाटी म्हणून तवा, आणि अभ्यास खाऊन टाकायचा!

मराठी नाव हवंच असेल तर ‘जपानी धिरडं’ म्हणा, असं जाणकार सांगतील. पीठ ओततात, थापत नाहीत, हा त्यांचा मुद्दा. मान्य, पण धिरड्याच्या नावात भाजणं कुठे आहे? थालीपिठाच्या तर पिठाचंच नाव भाजणी! माझं मत थालीपिठाला.

ती की ते, हे राहिलंच. पाणी, लोणी, दही पुढे करू नका, भाकरीसारखी ‘ती’.