रिकाम्या स्प्रे कॅनला भोक पाडावं का?

प्रश्न: घरच्या वर्कशॉपमध्ये स्प्रे पेंटचे सात-आठ रिकामे कॅन साठलेत. खिळ्याने भोक पाडून भंगारात द्यावेत का?

उत्तर: भोक मुळीच पाडू नका. रंग संपला तरी दाबाखालचा गॅस उरतो. बऱ्याच कॅनमध्ये तो ब्यूटेन-प्रोपेन, म्हणजे स्वयंपाकाच्या सिलिंडरातलाच. हवेपेक्षा जड, त्यामुळे जमिनीलगत साचतो. मग ग्राइंडरची एक ठिणगी पुरते.

कॅन हलवून बघा. रंग ढवळणारी आतली गोळी नुसती खडखडली तर ठीक, आत काही हिंदकळलं तर रंग शिल्लक आहे. तो आधी कॅन सरळ धरून पुठ्ठ्यावर संपवा. उलटा धरलात तर गॅस निघून जातो, रंग आतच अडकतो. मग अंगणात, उलटा धरून, फुसफुस थांबेपर्यंत बटण दाबा. नॉझल तुंबलं तर काढून थिनरमध्ये बुडवा. व्हॉल्व्हमध्ये तार खुपसू नका. नंतर घरगुती घातक कचऱ्यात, वेगळ्या पिशवीत द्या. तोवर सावलीत ठेवा, ५० अंशांच्या वर तापू देऊ नका.