‘कन्सल्टन्सी म्हणजे पैसे घेऊन नोकरी लावतात, तीच ना?’

हा प्रश्न मुलाचा नव्हता, वडिलांचा होता. सावद्याकडचे केळी उत्पादक शेतकरी. मुलगा जळगावात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. त्याला इथे निखिल म्हणते, खरं नाव वेगळं. त्याला कन्सल्टन्सीत करिअर करायचं होतं, म्हणून दोघं माझ्याकडे सल्ल्याला आले होते. वडिलांनी असं विचारल्यावर निखिल ओशाळून माझ्या टेबलावरच्या कॅलेंडरकडे बघत बसला. मला मात्र शंका रास्त वाटली. आपल्याकडे ‘कन्सल्टन्सी’ अशी पाटी दिसली की आत एकतर परदेशी प्रवेशाचं दुकान असतं, नाहीतर नोकरीचं आमिष. आधी ‘रजिस्ट्रेशन फी’ भरा म्हणणाऱ्यांकडे फसलेली दोन घरं माझ्याच ओळखीत आहेत.

मी म्हटलं, “भाऊ, केळीवर काही आलं आणि नेहमीच्या फवारणीने हटलं नाही, तर तुम्ही पालच्या कृषी विज्ञान केंद्रातल्या माणसाला विचारता ना? कंपन्याही असंच विचारतात. विक्री का घटली, नवा कारखाना टाकावा का, या धंद्यातून बाहेर पडावं का. उत्तर शोधून देणाऱ्यांना त्या फी देतात. 1926 साली शिकागोत हिशेबशास्त्राच्या एका प्राध्यापकाने असा सल्ला द्यायला कंपनी काढली, तीच मॅकिन्झी. यात नोकरी मागणाऱ्याने कुणाला एक रुपया द्यायचा नसतो. मागितला, तर उठून यायचं.”

शेवटचं वाक्य ऐकल्यावर भाऊंनी पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकवली.

मग निखिल बोलता झाला. “मॅडम, मी दहावीपर्यंत मराठी मीडियम. कॉलेज साधं. इंग्रजीत बोलताना अडखळतो. मॅकिन्झी, बीसीजी, बेन हे आपल्यासाठी असतं का?”

धुळे, शहादा, चोपडा, कुठूनही मूल आलं तरी हा प्रश्न थोड्याफार फरकाने येतोच. याचं अर्धं उत्तर कडू आहे आणि मी ते आधी देते. या कंपन्या नव्या मुलांची भरती मोजक्या कॉलेजांच्या कॅम्पसवरून करतात, आणि आपल्या भागातली कॉलेजं त्या यादीत नाहीत. त्यामुळे थेट अर्ज करून तिसऱ्या-चौथ्या वर्षात तिथे पोचण्याची आशा धरू नये. रुळलेला रस्ता म्हणजे कॅट, ही एमबीएची प्रवेश परीक्षा, देऊन वरच्या आयआयएमपैकी एकात किंवा तशा तोडीच्या संस्थेत जायचं. तिथेही मुलाखतीसाठी निवड करताना दहावी, बारावी आणि पदवीचे गुण बघतात. निखिलचे दहावीचे गुण उत्तम होते, बारावीचे बरे, इंजिनिअरिंगचे उताराला लागलेले. मागचे गुण बदलत नाहीत, पण पुढची तीन सेमिस्टर अजून हातात होती. निम्मी मुलं हीच गोष्ट विसरतात. ‘प्लेसमेंटला कोण बघतं’ म्हणून सेमिस्टर सोडून देतात आणि दोन वर्षांनी तोच आकडा आडवा येतो.

दुसरा रस्ता लांबचा. आधी दोन-तीन वर्षं कारखान्यात, पुरवठा साखळीत किंवा डेटाच्या कामात नोकरी करायची, मग एमबीए किंवा छोट्या सल्लागार कंपनीत बदल. तरुणांना सरकारी कामात घेणारी राज्य सरकारची मुख्यमंत्री फेलोशिपही आहे, 2015 साली सुरू झालेली. तिथे मराठी यावंच लागतं, हे ऐकून निखिलचा चेहरा थोडा खुलला.

आता इंग्रजी. इथे मला माझी एक चूक सांगायला हवी. काही वर्षांपूर्वी अशाच एका मुलीला मी ‘आधी इंग्रजी पक्कं कर’ म्हणून सांगितलं. तिने वर्षभर स्पोकन इंग्लिशचा क्लास केला. ‘गुड मॉर्निंग’पासून ‘माय हॉबीज’पर्यंत सगळं सफाईने बोलायला लागली आणि पहिल्या केसला गप्प बसली. तिला शब्द येत होते. प्रश्न फोडता येत नव्हता. तेव्हापासून मी क्रम उलटा ठेवते.

केस म्हणजे काय, तर मुलाखत घेणारा एखाद्या धंद्याची अडचण सांगतो आणि तुम्ही त्याच्यासमोर, मोठ्याने विचार करत, ती सोडवायची. साधारण अर्धा तास. कॅल्क्युलेटर नाही, कागद-पेन फक्त. कधी नुसता अंदाज विचारतात: भुसावळ जंक्शनवर दिवसाला किती कप चहा खपत असेल? नेमका आकडा त्यालाही माहीत नसतो. तुम्ही गाड्या, प्रवासी, थांबा, वेळ अशी फोड करता का, हे तो बघतो.

निखिलकडे मोबाइलमध्ये केसबुकांच्या एकोणीस पीडीएफ होत्या. मी एक सोपी केस दिली: एका बेकरीचा नफा घटतोय. त्याने लगेच ‘फाइव्ह फोर्सेस’, म्हणजे धंद्यातली स्पर्धा मापायचा पुस्तकी साचा, सुरू केला, पुरवठादारांची ताकद, ग्राहकांची ताकद, पाठ केलेल्या आरतीसारखा. बेकरीत पाव किती खपतात हे एकदाही विचारलं नाही.

मी त्याला थांबवलं. “बेकरी राहू दे. घरच्या केळीचं सांग. पैसे कमी येतात का?”

“हो. भाव मागच्यासारखाच आहे, तरी कमी येतात. पप्पा म्हणतात व्यापारी वजनात काट मारतो.”

“मराठीत सांग. पैसे कशाकशाने बनतात?”

तो सावरून बसला. “घड गुणिले वजन गुणिले भाव. त्यातून खर्च वजा.”

मग कागदावर आकडे आले. चार एकर, लागवड दीड बाय दीड मीटर, म्हणजे एकरी 1,800 झाडं. आधी सगळी नवती, म्हणजे नव्या रोपांची बाग, असायची. मृगबागेचे, म्हणजे जून-जुलैच्या लागवडीचे, हाती लागणारे घड 6,600, सरासरी 22 किलो, भाव क्विंटलला 1,200 धरला तर साडेसतरा लाखांच्या आतबाहेर. यंदा रोपांचा खर्च वाचवायला दोन एकरांत पिलबाग ठेवलेली, म्हणजे जुन्या झाडाच्या बुंध्याशी फुटलेली पिलंच वाढवलेली. तिचे घड 3,000, वजन 16 किलोवर आलेलं आणि व्यापाऱ्याच्या यादीत पिलबागेचा भावच वेगळा, 1,050. उरलेली दोन एकर नवती धरून बेरीज पावणेचौदा लाख. टिश्यू कल्चरची 3,600 रोपं नाही घेतली, 15 रुपयांच्या हिशेबाने 54,000 वाचले. आणि साडेतीन लाखांहून जास्त कमी आले.

निखिल कागदाकडे बघत राहिला. “म्हणजे भाव पडलाच नाही. आपला मालच बदलला.”

सल्लागार कंपन्यांत याला मोठं इंग्रजी नाव आहे. इथे ते नवती-पिलबाग म्हणून सगळ्यांना माहीत असतं, फक्त असं शेजारी-शेजारी कुणी मांडलेलं नसतं. मी खूश होऊन भाऊंकडे बघितलं. वाटलं, आता मान डोलावतील.

भाऊ म्हणाले, “मॅडम, आणि महिने?”

“कसले महिने?”

“पिलबाग नऊ महिन्यांत मोकळी होते. नवतीला वर्ष लागतं. ते या पोराने कुठं धरलं?”

मीही धरलं नव्हतं. निखिलने परत पेन घेतलं. दोन एकर नवती: 8,71,200 रुपये भागिले बारा, महिन्याला 72,600. दोन एकर पिलबाग: 5,04,000, त्यात वाचलेल्या रोपांचे 54,000, भागिले नऊ, महिन्याला 62,000. नवती पुढेच होती, पण साडेतीन लाखांची दरी आता वर्षाला सव्वा लाखावर आली होती. “आणि मे महिन्यात वादळ झालं,” भाऊ पुढे म्हणाले, “तर कुठली आडवी होईल, ते वेगळंच.”

त्या दिवशी मी निखिलला गृहपाठ दिला तो एवढाच. एकोणीस पीडीएफपैकी एक ठेवायची. आठवड्याला दोन केस, त्या जोडीदाराबरोबरच. भिंतीशी बोलून केस होत नाही, कारण मध्येच ‘आणि महिने?’ विचारायला भिंत येत नाही. आधी मराठीत फोड करायची, मग तीच केस त्याच दिवशी इंग्रजीत बोलून रेकॉर्ड करायची. व्याकरण चुकलं तर चालेल, वाक्य अर्धवट सोडायचं नाही. शिवाय रोज सकाळी दहा मिनिटं तोंडी भागाकार आणि टक्केवारी. जोडीदार म्हणून मी त्याला नंदुरबारच्या एका मुलीचा नंबर दिला, अर्थात तिला विचारून. तिची अडचण उलटी होती: इंग्रजी फाडफाड, आकड्यांशी वैर.

पहिल्या वर्षी नोव्हेंबरअखेरीस दिलेली कॅट दोघांनाही साधली नाही. प्रत्येकी 40 मिनिटांचे तीन विभाग. निखिल वाचनाच्या उताऱ्यांत अडकला. तो आता पुण्यात एका वाहन सुट्या भागांच्या कंपनीत पुरवठा साखळीत काम करतो आणि दुसऱ्या प्रयत्नाची तयारी करतो. रविवारी रात्री त्यांच्या केस फोनवर चालतात. ती मुलगी त्याला इंग्रजी वाक्य पूर्ण करायला लावते, तो तिला दशांश चिन्हावरून छळतो.

गेल्या महिन्यात त्याचा फोन आला होता. मी विचारलं, “यंदा चारही एकर नवती लावली का?”

“नाही मॅडम, तीन. एका एकरावर पप्पा ऐकत नाहीत. आणि त्या एकराचा हिशेब मला अजून त्यांच्याविरुद्ध मांडता आलेला नाही.”