वीर्यातील नैसर्गिक जंतुनाशके : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : माझ्या वीर्यतपासणीत शुक्राणूंची संख्या पुरेशी आहे, पण हालचाल मंद आणि ‘पस सेल्स’ (पांढऱ्या पेशी) वाढलेल्या आहेत. जळजळ, ताप असा कोणताही त्रास नाही. औषध सुरू करावे का? (दांडिया बाजार, वडोदरा)

उत्तर : त्रास नसतानाही संसर्ग असू शकतो, तरीही एवढ्या नोंदीवरून मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून घेऊ नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. सूक्ष्मदर्शकाखाली अपरिपक्व शुक्रपेशीही पांढऱ्या पेशींसारख्याच गोल दिसतात, म्हणून पेरॉक्सिडेज या एन्झाइमची चाचणी करून पांढऱ्या पेशी वेगळ्या मोजाव्यात आणि त्या दर मिलिलिटरला १० लाख किंवा त्याहून अधिक निघाल्या, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने कल्चर, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याची तपासणी, करून घ्यावे. शुक्राणूंवर बीटा-डिफेन्सिन १ नावाचे जंतुनाशक पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचा लहानसा तुकडा, असतो. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात मंद गती किंवा वाढलेल्या पांढऱ्या पेशी असणाऱ्या पुरुषांच्या शुक्राणूंवर ते कमी आढळले. प्रयोगशाळेत ते बाहेरून मिसळल्यावर शुक्राणूंची गती आणि जंतू मारण्याची क्षमता दोन्ही सुधारल्या.

प्रश्न : अहवाल सर्व बाजूंनी नॉर्मल आहे, तरी तीन वर्षांत गर्भधारणा नाही. घरचे पत्नीलाच बोल लावतात. दोष माझ्यात असू शकतो का? (रावपुरा, वडोदरा)

उत्तर : असू शकतो, आणि हे घरच्यांनाही स्पष्ट सांगा. वृषणाला लागून असलेल्या एपिडिडिमिस या नलिकेतून जाताना शुक्राणूंवर डिफेन्सिन १२६ या त्याच कुळातील प्रथिनाचे साखरयुक्त आवरण चढते. गर्भाशयमुखाच्या चिकट स्रावातून वाट काढताना ते उपयोगी पडते. आई आणि वडील दोघांकडूनही हे प्रथिन बनवणाऱ्या जनुकाची सदोष प्रत आलेल्या पुरुषांमध्ये गर्भधारणेला अधिक काळ लागतो, असे २०११ मध्ये दिसून आले. संख्या आणि गती मात्र चारचौघांसारखीच होती. हा दोष वंध्यत्व नव्हे, केवळ विलंब करणारा आहे, आणि नेहमीच्या तपासणीत तो दिसत नाही. तीन वर्षे झाली आहेत, तेव्हा दोघांनी एकत्रच तज्ज्ञांकडे जावे.

प्रश्न : पेप्टाइडच्या कॅप्सूल घेतल्याने फायदा होईल का? (मांडवी, वडोदरा)

उत्तर : नाही. पोटात गेलेले पेप्टाइड बहुतांशी अन्नातील प्रथिनांप्रमाणेच पचून जाते. शिवाय येथे प्रमाण आणि वेळ यांना फार महत्त्व आहे. बेडकाच्या त्वचेत सापडलेले मॅगेनिन हे पेप्टाइड जंतू मारते, पण मात्रा वाढवली की शुक्राणूंचीही हालचाल थांबवते, आणि म्हणूनच गर्भनिरोधक म्हणून त्याचा अभ्यास झाला. शरीर ही काळजी स्वतःच घेते. नमुन्याची बाटली हातात धरून पाहिली, तर वीर्य प्रथम जेलीसारखे घट्ट असते आणि साधारण अर्ध्या तासात पातळ होते. ही जेली ज्या सेमेनोजेलिन या प्रथिनाची बनलेली असते, त्याच्या विघटनातून निघणारे काही तुकडे जंतुनाशक असतात. वीर्यातील एचकॅप-१८ हे प्रथिन तर योनीतील आम्लता मिळाल्यावरच तुटून सक्रिय जंतुनाशक बनते, म्हणजे शुक्राणूंचा प्रवास सुरू होईपर्यंत ते शस्त्र म्यानातच राहते.