आरोग्यावरचा सरकारी खर्च: १.८४ टक्के की २.२ टक्के?

ताई, तुमच्या लेखासाठी तुम्ही तीन प्रश्न एका दमात विचारलेत. २०२१-२२ या एकाच वर्षासाठी आर्थिक पाहणी अहवालात केंद्र आणि राज्यांचा मिळून आरोग्यखर्च जीडीपीच्या २.२ टक्के दिसतो आणि राष्ट्रीय आरोग्य लेख्यांत (देशातल्या सगळ्या आरोग्यखर्चाच्या सरकारी हिशेबात) १.८४ टक्के, तर खरा कुठला? एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून होणाऱ्या खर्चाचा वाटा ६४ टक्क्यांवरून ३९ टक्क्यांवर आला, ही सुधारणा खरी आहे का? आणि प्राप्तिकरावर आपण भरतो तो ४ टक्के आरोग्य व शिक्षण उपकर दवाखान्यापर्यंत पोहोचतो का? सरकारी हिशेब वाचण्यातच माझी नोकरी गेली, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

पहिल्या प्रश्नातले दोन्ही आकडे सरकारीच आहेत आणि कुणी खोटं बोलत नाहीये. पाहणी अहवालातल्या सामाजिक क्षेत्राच्या तक्त्याखाली बारीक अक्षरात एक टीप असते, ती वाचल्याशिवाय तो तक्ता वापरूच नये. त्या टिपेनुसार ‘आरोग्य’ म्हणजे वैद्यकीय व सार्वजनिक आरोग्य, कुटुंब कल्याण आणि पाणीपुरवठा व स्वच्छता. लेखाशीर्षांच्या, म्हणजे सरकारी हिशेबातल्या खर्चाच्या क्रमांकांच्या, भाषेत अनुक्रमे २२१०, २२११ आणि २२१५. आरोग्य लेखे मात्र आंतरराष्ट्रीय चौकटीत बसवलेले असतात आणि त्यात नळयोजना, गटारं धरत नाहीत. उलट रेल्वेची आणि संरक्षण दलांची रुग्णालयं, कर्मचारी राज्य विमा योजना हा आरोग्य खात्याबाहेरचा खर्च त्यात येतो. शिवाय २.२ हा सुधारित अंदाज, म्हणजे वर्ष चालू असताना काढलेला आकडा होता, तर १.८४ हा आकडा वर्ष संपून हिशेब लागल्यानंतरचा.

पाण्याचा भाग किती मोठा असतो, ते त्याच वर्षीच्या केंद्रीय अर्थसंकल्पात स्वच्छ दिसतं. अर्थमंत्र्यांनी ‘आरोग्य आणि कल्याण’ या नावाखाली २,२३,८४६ कोटी रुपये जाहीर केले आणि आदल्या वर्षापेक्षा १३७ टक्के वाढ, असा मथळा सगळीकडे झळकला. आता त्याची फोड बघा. पेयजल व स्वच्छता विभागाचे ६०,०३० कोटी, वित्त आयोगाच्या शिफारशीनुसार पाणी आणि स्वच्छतेसाठी दिलेलं अनुदान ३६,०२२ कोटी. म्हणजे ९६ हजार कोटींहून जास्त, एकूण रकमेच्या चाळीस टक्क्यांवर, पाण्याचे. कोविड लशीचे ३५,००० कोटी वेगळे. खुद्द आरोग्य व कुटुंब कल्याण विभागाच्या वाट्याला ७१,२६९ कोटी. स्वच्छ पाण्याने रोगराई कमी होते, याबद्दल वाद नाही. पण प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर नाही म्हणून ओरडणाऱ्या माणसाला नळयोजनेचा आकडा दाखवणं बरोबर नाही.

राष्ट्रीय आरोग्य धोरण २०१७ ने २०२५ पर्यंत जीडीपीच्या २.५ टक्के सरकारी आरोग्यखर्चाचं लक्ष्य ठेवलं होतं. २.२ वाचलं की लक्ष्य हाताशी आल्यासारखं वाटतं. १.८४ वाचलं तर अंतर कळतं. आणि तेही साथीचं, लसखरेदीचं वर्ष. साथीच्या आधी, २०१९-२० मध्ये, हाच आकडा १.३५ होता. कुठल्याही चर्चेत १.८४ च्या शेजारी १.३५ मांडायला विसरू नका.

‘प्रत्यक्ष खर्च’ या शब्दांवरही डोळे झाकून विश्वास ठेवू नये. अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज, प्रत्यक्ष रक्कम या तीन पायऱ्या आपण ऐकलेल्या असतात, पण प्रत्यक्ष रक्कम म्हणजे औषध रुग्णाच्या हातात पडलं असं नव्हे. राज्याने जिल्हा परिषदेला अनुदान दिलं की राज्याच्या लेख्यांत तो खर्च झाला. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात निधी येतो, बीडीएस (निधीवाटपाची संगणकीय मंजुरी) निघते, कोषागारात बिलं पास करायला रात्री जागवतात, आणि पैसा जिल्हा परिषदेच्या खात्यात जाऊन बसतो. त्यातून खरेदी पुढच्या वर्षी कधीतरी होते. वित्त लेखे (राज्याचे वर्षअखेरचे अधिकृत हिशेब) बघणाऱ्याला वर्ष छान भरलेलं दिसतं आणि त्याच वर्षी आरोग्य केंद्रातला माणूस चिठ्ठी घेऊन बाहेरच्या मेडिकलमध्ये उभा असतो. हे मी फार जवळून पाहिलंय आणि त्याचा मला आजही संताप येतो.

राज्यांचे आकडे काढणार असाल तर अजून एक खड्डा सांभाळा. २०१३-१४ पर्यंत राष्ट्रीय आरोग्य अभियानासारख्या योजनांचा केंद्राचा बराच पैसा राज्याच्या तिजोरीला वळसा घालून थेट राज्य आरोग्य सोसायट्यांच्या बँक खात्यात जायचा. २०१४-१५ पासून तो राज्याच्या अर्थसंकल्पातून जातो. म्हणून त्या वर्षी कित्येक राज्यांचा आरोग्यखर्च एकदम फुगलेला दिसतो. त्यातली बरीच वाढ नुसती वाट बदलल्याची आहे. आणि २०१४-१५ नंतर केंद्राचं अनुदान आणि राज्याचा खर्च सरळ बेरजेला घेतलात, तर तोच रुपया दोनदा मोजला जाईल.

आता खिशातल्या खर्चाकडे वळतो. २०१३-१४ मध्ये एकूण आरोग्यखर्चातला लोकांच्या खिशाचा वाटा ६४.२ टक्के होता, २०२१-२२ मध्ये ३९.४. दिशा चांगली आहे, हे मी मनापासून मानतो. पण ही मालिका वर्षावर्षाने वाचा. २०१६-१७ ला ५८.७ आणि २०१७-१८ ला एकदम ४८.८. एका वर्षात दहा टक्के अंकांची घसरण! त्या वर्षी देशात असं काय झालं? झालं ते लोकांचा खर्च मोजणाऱ्या घरोघरच्या पाहणीत. आधीचे आकडे राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१४ च्या ७१ व्या फेरीवरून पुढे ओढलेले होते, २०१७-१८ पासून ७५ वी फेरी पायाला आली. ७१ व्या फेरीत गेल्या पंधरा दिवसांत आजारी होतो असं सांगणारे खेड्यांत हजारी ८९ आणि शहरांत ११८ होते. ७५ व्या फेरीत ते ६८ आणि ९१ वर आले. आजारच कमी नोंदले गेले, की खर्चही कमीच दिसणार. लोक खरोखर कमी आजारी पडले, की विचारण्या-सांगण्यात फरक पडला, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. माझं मत विचाराल तर या दोन फेऱ्यांच्या अलीकडचे आणि पलीकडचे टक्के एका रेघेने जोडूच नयेत.

त्यापुढची घसरण वेगळ्या कारणाने आहे. २०१९-२० मध्ये लोकांनी खिशातून ३,०८,७२७ कोटी घातले, २०२१-२२ मध्ये ३,५६,२५४ कोटी. चालू किमतींत रक्कम वाढली. तरी वाटा ४७.१ वरून ३९.४ वर आला, कारण त्याच काळात सरकारी खर्च २,७१,५४४ वरून ४,३४,१६३ कोटींवर गेला आणि एकूण बेरीज मोठी झाली. सरकारने जास्त खर्च केला हे चांगलंच. पण ‘लोकांचा खर्च कमी झाला’ असं वाक्य या आकड्यांवरून लिहिता येत नाही. आणि २०२१-२२ च्या खिशातल्या खर्चाचाही पाया २०१७-१८ चीच पाहणी आहे, दुसऱ्या लाटेत लोकांनी दागिने गहाण टाकून भरलेली बिलं त्या पाहणीत कुठून येणार?

शेवटी उपकर. एक लाख रुपये प्राप्तिकर असेल तर त्यावर चार हजार. २०१८-१९ पासून आधीचा ३ टक्के शिक्षण उपकर जाऊन हा ४ टक्क्यांचा आला आणि त्याच्या नावात आरोग्य शिरलं. पण आरोग्याच्या वाट्यासाठी वेगळा, वर्षअखेरीला न संपणारा ‘प्रधानमंत्री स्वास्थ्य सुरक्षा निधी’ उभारायला मार्च २०२१ उजाडला. त्याआधीची रक्कम भारताच्या संचित निधीत, म्हणजे केंद्राच्या मुख्य तिजोरीत, जमा होत होती आणि तिथून कुठे गेली ते वेगळं दाखवता येत नाही. उपकराचा इतिहास बघता ही भीती उगाच नाही. माध्यमिक व उच्च शिक्षण उपकराचे २००६-०७ ते २०१७-१८ या काळात गोळा झालेले ९४,०३६ कोटी ठरलेल्या निधीत वर्ग झाले नव्हते, हे कॅगने (सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांनी) लेखी नोंदवलेलं आहे.

पण मला याहून जास्त खटकते ती दुसरी गोष्ट. घटनेच्या २७० व्या अनुच्छेदानुसार उपकर आणि अधिभार (सरचार्ज) राज्यांशी वाटून घ्यायच्या रकमेत येत नाहीत. आणि सार्वजनिक आरोग्य, रुग्णालयं, दवाखाने हे विषय राज्यसूचीतले. नर्सचा पगार, ग्रामीण रुग्णालयाची वीज, औषधखरेदी, बहुतेक सगळं राज्याच्या तिजोरीतून. म्हणजे आरोग्याच्या नावाने कर घ्यायचा तो अशा वाटेने, की ज्याच्यावर मुख्य जबाबदारी आहे त्याला त्यात हक्काचा वाटा नाही. केंद्र योजनांमार्फत देतं, पण ते अटींसह आणि केंद्राच्या वेळापत्रकाने. त्यापेक्षा हाच पैसा मूळ करात मिळवला, तर राज्यांना त्यातला हिस्सा आपोआप मिळेल.

तुमच्या लेखासाठी एवढं करा. देशपातळीवर आरोग्य लेख्यांचाच आकडा घ्या आणि त्यात भांडवली खर्च (इमारती, यंत्रं यांवरचा) धरलाय की नाही ते लिहा (२०२१-२२ च्या एकूण ९,०४,४६१ कोटींपैकी चालू खर्च ७,८९,७६० कोटींचा आहे, बाकी भांडवली). राज्यासाठी वित्त लेख्यांतून २२१०, २२११ आणि भांडवली ४२१०, ४२११ एवढीच शीर्षं उचला, २२१५ ला हात लावू नका. सुरुवात २०१४-१५ पासून करा. खिशातल्या खर्चाबद्दल २०१७-१८ च्या पुढचं लिहायचं असेल, तर आरोग्यावरच्या ८० व्या फेरीचे आकडे पायाला येईपर्यंत ‘अंदाज’ हा शब्द प्रत्येक आकड्याआधी ठेवा.