स्क्रिप्ट दुसऱ्यांदा चालवली तर?

प्रश्न : आमच्या कंपनीचे सात सर्व्हर ॲमेझॉनच्या मुंबई रीजनमध्ये आहेत. नवा सर्व्हर सज्ज करण्यासाठी मी शेल स्क्रिप्ट (ओळीने चालणाऱ्या आज्ञांची फाइल) लिहिली आहे. परवा ती मध्येच अडकली म्हणून पुन्हा चालवली, तर एफएसटॅब फाइलमध्ये (सर्व्हर सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या त्या यादीत) एकाच डिस्कची ओळ दोनदा आली. स्क्रिप्टच सुधारावी, की ॲन्सिबल किंवा टेराफॉर्म या स्वयंचलनाच्या साधनांकडे वळावे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्या स्क्रिप्टमध्ये दुहेरी बाणाने (>>) ओळ जोडलेली असणार. ती आज्ञा सांगितलेली ओळ फाइलच्या शेवटी लिहून मोकळी होते; ती ओळ आधीपासून तिथे आहे का, हे पाहणे तिचे काम नाही. प्रत्येक ठिकाणी ग्रेप ही मजकूर शोधणारी आज्ञा लावून ही तपासणी करता येते, पण मग स्क्रिप्टमध्ये कामापेक्षा तपासण्याच जास्त होतात. कृतीऐवजी अपेक्षित स्थिती लिहावी आणि तिथवर कसे पोहोचायचे ते साधनावर सोपवावे, ही कल्पना १९९३ मध्ये ऑस्लो विद्यापीठात मार्क बर्जेस यांनी सुरू केलेल्या सीएफइंजिन या साधनापासून चालत आली आहे, आणि २०१२ मध्ये आलेले ॲन्सिबल त्याच वाटेने जाते.

सर्व्हर आधीच उभे असल्यामुळे आपण ॲन्सिबलपासून सुरुवात करावी, असे मला वाटते. त्यासाठी सर्व्हरवर कोणताही एजंट (सतत चालणारा मदतनीस प्रोग्राम) बसवावा लागत नाही. एसएसएच ही दुरून जोडणीची सोय आणि पायथन ही भाषा असली की पुरते. डिस्कसाठी माउंट हे मॉड्यूल (एका कामासाठीचा तयार भाग) वापरावे आणि प्लेबुक, म्हणजे ॲन्सिबलला द्यायच्या कामांची फाइल, लागोपाठ दोनदा चालवून पाहावे. दुसऱ्या वेळी शेवटच्या ओळीत ‘चेंज्ड’पुढे शून्य आले, तरच काम नीट झाले असे समजावे. मात्र अनेक जण जुनी स्क्रिप्ट जशीच्या तशी शेल मॉड्यूलमध्ये चिकटवतात. ते मॉड्यूल सहसा प्रत्येक वेळी ‘बदल झाला’ असेच सांगते, त्यामुळे साधन बदलले तरी दुखणे तेच राहते.

टेराफॉर्मचे क्षेत्र वेगळे आहे. यंत्रे, नेटवर्क, डिस्क यांची निर्मिती त्याने करावी आणि यंत्राच्या आतील मांडणी ॲन्सिबलने. २०२३ मधील १.५ आवृत्तीपासून, आधीच अस्तित्वात असलेली यंत्रे इम्पोर्ट ब्लॉक लिहून त्याच्या ताब्यात देता येतात. त्याची स्टेट फाइल, म्हणजे काय काय उभे आहे त्याची नोंद, मात्र गिट या कोडच्या साठ्यात कधीही ठेवू नये, कारण तिच्यात पासवर्डसुद्धा उघड्या अक्षरांत असू शकतात. व्हर्जनिंग (जुन्या प्रती राखणे) आणि लॉकिंग (एका वेळी एकालाच बदल करू देणे) चालू केलेल्या, ॲमेझॉनच्या एसथ्री साठवणीतील बकेटमध्ये ती ठेवावी.

प्रश्न : टेराफॉर्ममध्ये काउंट (एका नमुन्याच्या अनेक प्रती करणारी सूचना) वापरून वेब, चाचणी आणि डेटाबेस असे तीन सर्व्हर केले होते. यादीतून ‘चाचणी’ काढले, तर प्लॅनमध्ये (होणाऱ्या बदलांच्या पूर्वयादीत) डेटाबेसचा सर्व्हर नष्ट होणार असे दिसते. असे कसे?
— एक वाचक, पुणे

उत्तर : प्लॅन वाचलात हे उत्तम केलेत, अप्लाय (प्रत्यक्ष अंमल) मात्र करू नका. काउंट यंत्रांना नावाने नव्हे, तर क्रमांकाने ओळखतो : शून्य, एक, दोन. मधले नाव गेल्यावर यादीत दोनच जागा उरतात, म्हणून एक क्रमांकाच्या यंत्राला, म्हणजे चाचणीच्याच यंत्राला, ‘डेटाबेस’ अशी पाटी लागते आणि दोन क्रमांकाचे खरे डेटाबेसचे यंत्र पुसले जाते. आधी यादी पूर्ववत करावी, मग काउंटऐवजी फॉरईच वापरून प्रत्येक यंत्राला नावाची किल्ली द्यावी आणि जुना क्रमांक कोणत्या नावावर गेला ते मूव्ह्ड ब्लॉकने सांगावे. त्यानंतरच्या प्लॅनमध्ये एकही यंत्र नष्ट होत नसल्याची खात्री झाल्यावरच ‘चाचणी’ काढावे. डेटाबेसवर प्रिव्हेंट डिस्ट्रॉय ही नष्ट होणे रोखणारी सूचना जरूर लावावी. परंतु डेटाबेसचा संपूर्ण ब्लॉकच कोणी फाइलमधून खोडला, तर ती सूचनाही त्याच्याबरोबर जाते आणि संरक्षण उरत नाही.

प्रश्न : रात्री २ वाजताचा बॅकअप सकाळी ७.३० ला, नेमका कामाच्या गर्दीत चालतो. क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या सोयीत) वेळ तर बरोबर लिहिली आहे.
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : सर्व्हरचे घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) आहे, आणि आपण त्याच्या साडेपाच तास पुढे आहोत. क्रॉनमध्ये २०.३० लिहावे. आठवड्याचा वार दिला असेल, तर तोही एक दिवस मागे घ्यावा, कारण यूटीसीत तेव्हा आदला दिवस असतो. हे हमखास राहून जाते. सिस्टमडी टायमर (लिनक्समधील क्रॉनचा पर्याय) वापरत असल्यास वेळेपुढे ‘एशिया/कोलकाता’ लिहिता येते आणि ही वजाबाकी करावी लागत नाही.