बंध तुटताना ऊर्जा सुटत नाही

रसायनशास्त्र नव्याने शिकतोयस, तर 'बंध तुटला की ऊर्जा बाहेर पडते' हे आधी डोक्यातून काढ. बंध तोडायला ऊर्जा द्यावीच लागते. सुटते ती नवे बंध जुळताना.

हायड्रोजन आणि क्लोरीन घे. एकेक मोल (रेणू मोजायचं एकक) रेणूंचे बंध तोडायला अनुक्रमे ४३६ आणि २४२, म्हणजे ६७८ किलोज्यूल लागतात. हायड्रोजन क्लोराइडचे दोन मोल बनताना साधारण ८६२ सुटतात. वरचे १८४ उष्णता म्हणून बाहेर येतात. ही ऊर्जा नव्याने निर्माण झालेली नाही, रेणूंमध्ये साठलेलीच होती. म्हणूनच एन्थॅल्पीतील, म्हणजे पदार्थांच्या ऊर्जासाठ्यातील, बदलाला ऋण चिन्ह: साठा कमी झाला. (चिन्हावर मुलं हमखास अडकतात.)

असा हिशेब स्वतः मांडत राहा, मग हेसचा १८४० चा नियम (अभिक्रिया कोणत्याही टप्प्यांनी झाली तरी एकूण उष्णता तीच) घोकावा लागणार नाही.